निळ्या पिंपाची दोन ठिगळं

नणंदेचं डोहाळजेवण चाकणजवळच्या आमच्या गावच्या घरी होतं. सातवा महिना लागला होता, आणि ती दोन महिन्यांपासून माहेरीच विश्रांतीला आलेली. मी आणि नवरा आकुर्डीहून सकाळीच पोहोचलो. अंगणात मांडव, मांडवात फुलांनी मढवलेला झोपाळा, आणि त्यावर बसायला लाजणारी नणंद.

मी चाकणच्या एका कंपनीत पर्यावरण विभागात आहे. आत येणारं प्रत्येक रसायन किती घातक, सांडलं तर कुठवर जाईल, नाल्यात उतरलं तर कोणाच्या विहिरीला लागेल, याचा अंदाज बांधायचा आणि मग सगळ्यांच्या डोक्यावर बसून नियम पाळून घ्यायचे, हे माझं काम. सासरी या कामाचं वर्णन एका वाक्यात होतं: "सून कंपनीत वास घेत फिरती." मला राग येतो, पण ते अगदीच खोटंही नाही.

मांडवाच्या कडेला टँकरच्या पाण्याने काठोकाठ भरलेलं एक निळं प्लास्टिकचं पिंप होतं. पिण्याचं पाणी त्यातलंच, आचाऱ्याने पन्हं कालवलं तेही त्यातल्याच पाण्यात. आमच्या भागात यात नवल काही नाही. भोसरीपासून राजगुरुनगरपर्यंत एक आळी अशी सापडणार नाही जिच्यात निळं पिंप नाही. नळाला पाणी रोज येत नाही, आणि कंपनीतून भंगारात निघालेलं पिंप दणकट असतं.

मी पाण्याचा जग भरायला वाकले आणि तळव्याला काहीतरी खरबरीत लागलं. पिंपाच्या पोटावर निळ्याच प्लास्टिकचं, तापवून डकवलेलं ठिगळ होतं.

असेल, गळत असेल, मी स्वतःला म्हटलं. पण हात तिथून निघेना. ज्या पिंपात घातक रसायन आलेलं असतं, ते आमच्या कंपनीच्या गेटातून तसंच बाहेर जात नाही. ते आडवं पाडून त्याच्या पोटात पहार घालतात. ती या बाजूने शिरते आणि त्या बाजूने निघते. पुन्हा कोणी त्यात काही भरू नये, पाणी तर नाहीच, म्हणून. मग ते नष्ट करायला जातं. निदान जावं, असा नियम आहे.

मी पिंपाला मिठी मारल्यासारखा हात पलीकडे नेला आणि चाचपलं. बरोबर समोरासमोर, त्याच उंचीवर, दुसरं ठिगळ होतं. हे आमच्याच गेटातून निघालं असेल का, हाही विचार आला आणि मी तो तेवढ्यापुरता गिळला.

दीर मांडवात खुर्च्या लावत होता. मी विचारलं, "भाऊजी, हे पिंप कुठनं आणलं?"

"भंगारवाल्याकडनं, गेल्या उन्हाळ्यात. का वो वहिनी? एक नंबर माल हाय. दोन जागी गळत व्हतं, त्यानंच ठिगळं लावून दिली."

"आत काय होतं?"

"आता मला काय म्हाईत? सोडा लावून घासलंय, चार दिस उन्हात टाकलंय. वास घेऊन बघा की, तुमचं तर कामच हाय ते."

मी वास घेतला. कसलाच वास नव्हता. दिराने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. पण ज्या गोष्टींची मला कामावर सगळ्यात जास्त धास्ती वाटते, त्यांतल्या बऱ्याचशांना वास नसतो, हे मी त्याला कसं सांगणार होते? लेबल खरवडून काढलेलं होतं. तिथे नुसता गोंदाचा चौकोन उरला होता.

तेवढ्यात मांडवात गाणं सुरू झालं. चुलतसासूबाई पन्ह्याचं तबक घेऊन झोपाळ्याकडे निघाल्या होत्या. पहिला पेला अर्थातच नणंदेचा. तिने तो हातात घेतला, हसली, आणि ओठांपाशी नेला.

"थांब! पिऊ नकोस ते!"

मी केवढ्याने ओरडले ते मला गाणं बंद पडल्यावर कळलं. नणंदेच्या सासरची मंडळी पहिल्या रांगेत बसली होती. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नवऱ्याने डोळ्यांनी खुणावलं, आत चल. मी हलले नाही. पिंपाचं पाणी पिण्याजोगं नाही, एवढंच कसंबसं म्हणाले.

"दोन बुकं शिकली की असंच व्हतंय," चुलतसासूबाई म्हणाल्या. "वरीसभर आमी हेच पितोय. मेलं का कोन? उगं साप साप म्हनून भुई थोपटायची."

सासूबाई नुसत्या पिंपाकडे बघत होत्या.

नणंदेने पेला खाली केला नव्हता. तिने माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "वहिनी, सरळ सांग. यात विष आहे?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण तिने सरळ विचारलं होतं, आणि एकदा खोटं बोलले तर पुढे माझ्या कुठल्याच शब्दाला किंमत उरणार नव्हती.

"माहीत नाही," मी म्हणाले.

दीर हसला. "घ्या! म्हाईत न्हाई, आन् मांडव डोक्यावर घेतलाय!"

मग माझं डोकं फिरलं. "हो, नाही माहीत! पण हे पिंप कोणीतरी मुद्दाम भोसकलं होतं, आरपार. परत कोणी यात पाणी भरू नये म्हणून. आत काय होतं ते मला माहीत नाही, पण भोसकणाऱ्याला माहीत होतं. त्याने पाडलेली भोकं आपण बुजवली आहेत."

नणंदेने पेला तबकात ठेवला आणि पदराने ओठ पुसले, पन्हं लागलेलं नसतानाही.

पुढचा गोंधळ काय सांगावा! दीर पाणी परसातल्या भाजीला ओतायला निघाला, तर मी त्यालाही अडवलं. "मग काय डोक्यावर घेऊन नाचू?" तो म्हणाला. शेवटी झाकण लावून पिंप बाजूला केलं, पाण्याचे जार मागवले, पन्हं नव्याने झालं. पंगती उशिरा उठल्या. ताटांवरून मला जे टोमणे मिळाले ते मी निमूट गिळले, कारण मीच चुकले असेन तर बरंच होतं.

पाहुणे पांगल्यावर सासूबाईंनी मला हाताला धरून घरामागे न्हाणीपाशी नेलं. तिथे सावलीत, अर्धं जमिनीत पुरलेलं, दुसरं निळं पिंप होतं. वर स्वच्छ फडकं, फडक्यावर तांब्या.

"जोडीनं घेतली व्हती," त्या म्हणाल्या. "पोरीला ह्यातलंच पानी देत व्हते. गार ऱ्हातं म्हनून."

त्यांनी माझा हात धरून मातीच्या वर निघालेल्या एका ठिगळावर ठेवला. "बघ गं. हे बी तसलंच हाय का?"

मी पलीकडे चढलेली माती उकरून तिकडचं ठिगळ शोधलं. ते होतं.

नणंदेला मी त्याच संध्याकाळी दुसऱ्या पिंपाचं सांगितलं. दोन्ही पिंपांतलं पाणी तपासायला दिलं, तर प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, "मॅडम, कशासाठी तपासू? तुम्ही सांगाल तेच शोधता येईल." मला सुचली ती सगळी नावं मी सांगितली. त्यांतलं काही सापडलं नाही. जे मला सुचलं नाही त्याचं काय, हे त्याने विचारलं नाही आणि मीही नाही. दीर मुकाट्याने भंगारवाल्याकडे जाऊन आला. "रोज गाडीभर येत्यात, कुठलं कुठनं आलं कसं सांगू?" असं उत्तर घेऊन आला.

मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं खणखणीत. चुलतसासूबाई बारशाला म्हणाल्या, "बघ, झालं का काय?" मला इतका आनंद झाला होता की मी त्यांच्या पाया पडले.

आता भाची चालते, बोलते, आम्ही सगळे जमलो की गावच्या घरात धुडगूस घालते. तहान लागली की आजीकडे पळते. सासूबाई नव्या स्टीलच्या टाकीतून पेला भरतात, आणि तिच्या हातात देण्याआधी न चुकता माझ्याकडे बघतात. मी मान हलवते, आणि ती घटाघटा पिते. पोटात होती तेव्हा ती काय प्यायली, ते मला अजूनही माहीत नाही.