पहिलं उघडणारं पान

आमच्या घरी कॉम्प्युटर मागाच्या खोलीतच आहे. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर जुन्या साडीचा तुकडा टाकलेला असतो. यांनी तो आणला तेव्हा गल्लीतल्या बाया म्हणाल्या, "आता बटन दाबून कोशाची साडी निघन का वो?" हे हसले. मी आत निघून गेले.

विणकरांच्या प्रशिक्षणात यांना कॉम्प्युटर शिकवला होता. तिथल्या मॅडमनी आमच्या साड्यांचं इंटरनेटवर एक पान करून दिलं. त्यात एकच मोठा फोटो. हे मागावर बसलेले, मान खाली, आणि कडेला माझा हात, धागा भरलेली कांडी देताना. फोटो काढताना मी बाजूला सरकले होते, तरी हात राहिलाच. यांनी ते पान असं लावून ठेवलं की इंटरनेट उघडलं की पहिलं तेच दिसायचं. मला म्हणाले, "तुले काही शोधाचं काम नाही. दोन टिचक्या मारल्या का आपलाच माग."

मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. पण दोन टिचक्या येत होत्या. रोज सकाळी कांड्या भरायच्या आधी मी ते पान उघडायची, बघायची आणि बंद करायची.

हे पौषात गेले. छातीत दुखलं आणि दुपारी गेले. मला रडू आलं नाही. बाया मला हलवत होत्या, "रड वो, मोकळी हो." इतक्या माणसांना चहा लागेल म्हणून मी आधण ठेवायला उठले. जाऊबाईंनी हाताला धरून खाली बसवलं. नंतर त्या ओसरीवर कुणाला तरी म्हणाल्या, "दगड झाली बाई." ते मला ऐकू आलं. त्याचंही काही वाटलं नाही.

तेरावं झाल्यावर मुलगी नागपूरला परत जाणार होती. जायच्या आधी ती कॉम्प्युटरसमोर बसली. म्हणाली, "आई, होमपेज बदलून ठेवलं मी. रोज सकाळी बाबाच दिसत राहिले त तू कशी निघशीन यातून?"

मी म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी दोन टिचक्या मारल्या. पांढरं पान आलं. मधे एक रिकामा लांबट डबा, त्यात एक काडी उघडझाप करत होती.

आमच्याकडे साडी उतरवली तरी मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, मुळातून कधी काढत नाहीत. हातभर जुने धागे मागाच्या फणीत ओवलेले तसेच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना सांधतात. जुनं टोक कापून टाकलं तर सांधायला काही राहत नाही. पहिल्यापासून सगळी फणी भरावी लागते, आणि ती भरायला दोन माणसं लागतात. मला वाटलं, पोरीने ते पान मुळातून कापलं. आता विचारून काय होणार? आणि तिने माझ्या भल्यासाठी केलं होतं.

चार महिने मी रोज तो पांढरा कागद उघडून बघितला आणि बंद केला. का उघडत होते ते सांगता येत नाही.

उन्हाळ्यात शेवटच्या तीन साड्या, यांच्याच हातच्या, गिऱ्हाइकांना द्यायच्या होत्या. मी त्या खोक्यांत भरत असताना मुलीचा फोन आला.

"खोकी आहेत का आई, का पाठवू?"

"आहेत. त्याच्यावर बाबाच्या पानाचं नाव छापलं हाय. पण पान त तू काढलं. नाव खोडू का?"

"काढलं? कोणं काढलं?"

"तूच त."

"अवं आई, पान तिथंच हाय! मी फक्त पहिले कोणतं उघडाचं तेवढं बदललं."

"कापलं नाही?"

"कायले कापीन मी?" मग तिच्या ध्यानात आलं. "चार महिने झाले. बोलली काहून नाहीस?"

पलीकडे ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून उभी राहिले.

नाक ओढत ती म्हणाली, "रविवारी येतो अन् लावून देतो."

"सांग मले," मी म्हणाले. "मी लावतो."

असं मी कधी म्हणाले नव्हते. मग ती सांगायला लागली. वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं. त्यात खाली दातेरी चाक. तिथे होमपेजच्या पुढे एक डबा, त्यात खोक्यावरचं नाव घालायचं. खोक्यावरची अक्षरं लहान होती, बटनांवरची मोठी. दोन्हींचे चेहरे जुळेनात. मी फोनवर अक्षराचं वर्णन करायची, ती जागा सांगायची.

"गोल हाय, डाव्या बाजूले दांडी."

"दांडी वर का खाली?"

"खाली."

"मंग वरच्या ओळीत, उजवीकून पहिलं."

एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ती म्हणाली, "राहू दे ना आई, रविवारी येतोच हाय." मी म्हणाले, "पुढचं सांग."

अर्ध्या तासाने सगळं बंद केलं आणि दोन टिचक्या मारल्या.

हे मागावर बसलेले, मान खाली. कडेला माझा हात.

"दिसले काय बाबा?"

"दिसले."

"रडू नको हं."

"नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. मला वाटलं होतं, पान दिसलं की रडू येईल. मी थोडा वेळ वाट बघितली. समोर मागावर यांनी ठेवलेले हातभर धागे फणीत तसेच होते. फोटोत त्याच फणीत ताणा भरलेला होता.

मग कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि चरखा घेऊन कांड्या भरायला बसले. विणायला कोणी नाही. पण भरलेल्या कांड्या खराब होत नाहीत.