‘जरा’ नावाचं प्रोजेक्ट

आमच्या ऑफिसात ड्रॉइंगं ठेवायला दोन मोठी कपाटं आहेत आणि ती पुरत नाहीत. किस्से मात्र कपाटाशिवायच साठत गेलेत. चार माणसं अकरा वर्षं एका खोलीत बसली की दुसरं काय होणार! परवा मैत्रिणींना सांगायला बसले तर दोनदा चहा झाला तरी संपेनात. म्हटलं, निदान हे टायमरचे तरी लिहून काढावेत.

ऑफिस सानपाड्याला, दुसऱ्या मजल्यावर. तळोज्याच्या कारखान्यांच्या शेडची ड्रॉइंगं आम्ही करतो. मालक म्हणजे भाऊ, मूळचे तळवलीचे. गायकवाडकाका सगळ्यांत जुने, परभणीकडचे, आता नावड्याला राहतात. रेश्मा सगळ्यांत लहान. आणि मी, वर्षा.

माझे वडील कोकणात आमच्या वाडीतल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. मुलीनं वकील व्हावं असं त्यांना फार वाटायचं, पण मला नोकरी आधी लागली आणि ते राहूनच गेलं. एकोणचाळिसाव्या वर्षी मी हट्टानं लॉची प्रवेश परीक्षा दिली आणि पास झाले. कॉलेज संध्याकाळचं. म्हणजे रोज साडेपाचला ऑफिस सोडायला हवं. आमच्या ऑफिसात साडेसातच्या आत कोणी खुर्चीतून उठत नाही.

भाऊंना विचारलं. ते म्हणाले, “आठ-दहा तास बसता तुमी, काम दिसतं चार तासांचं. बाकीचा टाइम जातो कुठं, ते मला दाखव. मंग खुशाल साडेपाचला जा.”

कॉलेज सुरू व्हायला तीन महिने होते. मी म्हटलं, दाखवतेच.

* * *

सुरुवात फुकटातली केली. मोबाइलवर ‘कामं’ नावाचा ग्रुप काढला. पहिल्याच दिवशी भाऊंनी लिहिलं, ‘शेडचं ड्रॉइंग आज चारपर्यंत जायला पायजे.’ काकांनी अंगठा दिला. रेश्मानं अंगठा दिला. मीही दिला.

पाचला क्लायंटचा फोन आला, ड्रॉइंग कुठे आहे म्हणून. प्रत्येकाला वाटलं होतं की बाकीच्या दोघांपैकी कोणीतरी पाठवतंय. भाऊ तावातावानं बाहेर आले आणि कोणी कोणी अंगठा दिला ते मोबाइलवर बघायला लागले. अंगठे चार होते. चौथा त्यांचाच.

* * *

मग रेश्मानं रंगीत चिठ्ठ्या आणल्या. भाऊंच्या केबिनच्या काचेवर तिनं तीन रकाने पाडले : करायचं, चालू, झालं. आठवड्याभरात काच भरली. आत भाऊ आहेत की नाहीत, बाहेरून कळेना. दोन सेल्समन परस्पर परत गेले आणि भाऊंची दुपारची डुलकी विनाअडथळा व्हायला लागली. हे टूल एकदम बेस्ट आहे, असं ते सगळ्यांना सांगत सुटले.

तिसऱ्या आठवड्यात बघते तर ‘चालू’ रकान्यातली दोन कामं ‘झालं’मध्ये! मी काकांना विचारलं, रेश्माला विचारलं. कोणीच ती केलेली नव्हती. शेवटी भाऊ म्हणाले, “ते मी हलवलं. दार दिसत नव्हतं मला.”

त्या दिवशी मी काच पुसून टाकली.

* * *

आता वेळ मोजायचं ॲप हवं होतं. पहिलं जे घेतलं ते दर पंधरा मिनिटांनी टिंग करून विचारायचं, ‘आत्ता काय करताय?’ आणि उत्तर लिहिल्याशिवाय स्क्रीन सोडायचं नाही. संध्याकाळी मी रेश्माचा दिवस उघडला. सकाळी व्यवस्थित होतं, ‘बीमचं ड्रॉइंग’. अकराच्या पुढे ‘तुला उत्तर देतेय’. दुपारभर ‘तुला उत्तर देतेय’. पाचला तिनं लिहिलं होतं, ‘तू काय करतोयस?’

दुसरं ॲप शांत होतं. बटण दाबलं की टायमर सुरू, परत दाबलं की बंद. शनिवारी दोन वाजता काकांनी एका जिन्याच्या ड्रॉइंगसाठी ते दाबलं आणि साडेसातला तसेच घरी गेले. सोमवारी दहाला मी बघितलं, तर जिन्यावर चव्वेचाळीस तास. मी म्हटलं, काका, एवढे तास कापून टाकू ना? काकांनी विचार केला.

“ताई, सगळे नका कापू बघा. रविवारी जेवताना बी तोच जिना डोक्यात होता.”

मी वाद घातला नाही. जेवणाचा अर्धा तास ठेवला.

* * *

दोन महिने गेले होते आणि दाखवायला हातात काही नव्हतं. मग मात्र मला राग आला, स्वतःचाच. बाद झालेल्या एका प्रिंटच्या मागे लिहून काढलं, मला नक्की काय पाहिजे. एका बोटात सुरू व्हावं. कामांची नावं मराठीत लिहिता यावीत. रोजचं काम रोज आपोआप यादीत यावं. आणि कोणाचं काय चाललंय ते सगळ्यांना दिसावं. चार गोष्टी. त्यात न बसणारी सात ॲपं मी एका रविवारी उडवली आणि आठवं ठेवलं.

आता त्यात कामं भरायला बसले आणि अडकले. सकाळी ड्रॉइंग उघडलं की दहा मिनिटांत केबिनमधून हाक यायची, “वर्षा, जरा ये.” हातातलं टाकून जायचं. तोवर भाऊंना फोन आलेला. ते हाताच्या पंजानं ‘थांब’ म्हणणार, आपण उभं राहायचं. मग चष्मा शोधायचा. किंवा व्याह्यांचा मेसेज वाचून दाखवायचा. किंवा घरच्या बाथरूमसाठी दोनपैकी कुठली टाइल बरी ते सांगायचं. कधीकधी कशाला बोलावलं होतं तेच ते विसरलेले असायचे. हे सगळं टाकायचं कुठल्या नावाखाली?

मी नवीन प्रोजेक्ट उघडलं आणि नाव दिलं, ‘जरा’.

काकांनी ते बघितलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. हळूच म्हणाले, ते नाव नका टाकू, नोकरीवर येईल. भीती मलाही वाटत होती. पण वेळ जिथे जातोय तिथे न लिहिता बाकी सगळं लिहायचं, तर मग हा खटाटोप केला कशाला? नाव तसंच ठेवलं. दोन दिवसांनी रेश्मा त्याच नावाखाली टायमर लावायला लागली. आठवड्यानं काकाही.

* * *

महिन्यानं मी कागद भाऊंसमोर ठेवला. कॉलेजात प्रवेश घ्यायला शनिवार शेवटचा दिवस होता. भाऊंनी चष्मा लावून वाचलं. सगळ्यांत वर एक प्रोजेक्ट होतं, माणशी रोज दोन तास दहा मिनिटं. तळोज्याच्या तिन्ही शेड त्याच्या खाली.

“ह्या ‘जरा’चा क्लायंट कोन?”

काका पाणी प्यायला उठले. रेश्मा त्यांच्या मागोमाग गेली.

“भाऊ, तुम्ही,” मी म्हटलं.

भाऊंनी कागद परत वाचला. घडी घातली, खिशात ठेवली. म्हणाले, “बघू.”

‘बघू’ म्हणजे काय, हे अकरा वर्षांत मला पक्कं कळलेलं आहे. जागेवर येऊन बसले तर डोळ्यांत पाणीच आलं. पण शनिवारी जाऊन प्रवेश घेतला. अडवलं तर अडवलं, नोकरी दुसरी बघेन.

सोमवारी सव्वापाचलाच ड्रॉइंग बंद केलं आणि पर्स मांडीवर घेतली. काचेतून भाऊ दिसत होते. मोबाइलमध्ये डोकं घालून एका बोटानं काहीतरी दाबत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. साडेपाच वाजले. मी उठले. हाक आली नाही.

खाली रस्त्यावर आले आणि फोन वाजला. ॲपमध्ये नवीन माणूस आला होता, भाऊ. त्यांच्या यादीत एकच काम होतं, ‘रोज’ असं निवडलेलं :

‘साडेपाच. वर्षाला हाक मारायची नाय.’

पुढे टायमर चालू होता. तिसरं मिनिट.

मी कॉलेजला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ऑफिसात येऊन ॲप उघडलं, तर सोळा तास झाले होते आणि टायमर चालूच होता.