ईश्वरप्पाच्या सहा तबकड्या

ईश्वरप्पाकडे गाण्याच्या एकूण सहा तबकड्या, आणि त्या तो वर्षातून फक्त दीड महिना वाजवायचा. घटस्थापनेला पहिली काढायची, तुळशीचं लग्न लागलं की सगळ्या पुन्हा जुन्या धोतरात गुंडाळून फळीवर. बाकीचं वर्षभर हा माणूस गाण्याचं नाव घ्यायचा नाही. कापडाच्या गिरणीमागच्या त्या गल्लीत यावर पुष्कळ चर्चा झाली होती. कुणी म्हणे नवस असेल, कुणी म्हणे चिकटपणा, सुई झिजते म्हणून. ईश्वरप्पाला विचारलं तर तो गंभीर चेहऱ्यानं शास्त्र सांगायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तबकडी पापडासारखी वाकते. पावसाळ्यात कव्हराला बुरशी धरते आणि वीज दिवसातून चारदा रुसते. थंडीत माणसं दारं लावून बसतात, मग गाणं काय भिंतींना ऐकवायचं. राहता राहिला अश्विन आणि अर्धा कार्तिक.

"पाऊस गेलेला आसतो, हवा वाळलेली आसती," तो म्हणायचा. "सूर कसा मोकळा येतो. एकाला एक चिकटत न्हाय, निवडलेल्या जोंधळ्यावानी."

तो सांगायचा ती रागांची नावं गल्लीत कुणाच्याच लक्षात राहत नसत. म्हणून कव्हरावरची चित्रं बघून गल्लीनं तबकड्यांचं आपलं बारसं करून टाकलं होतं. एक सनईवाला म्हातारा. एक दोघं भाऊ, दोघांच्याही मिशा सारख्याच. एक कानडी वचनांची, ती सोमवारची. आणि सगळ्यात वरची, निळ्या शालूवाली. ही बाई दिवाळीआधी धोतरातून बाहेर यायची नाही. नरकचतुर्दशीला अंघोळी उरकल्या की पहिल्यांदा तिची सुई खाली टेकायची, आणि मग तुळशीच्या लग्नापर्यंत घरात तिचंच राज्य.

पहिली पाळी सुटली की ईश्वरप्पा घरी यायचा, अंगावरचा कापूस धुऊन काढायचा, कपाळाला विभूती लावायचा आणि ओट्यावर मांडी घालून डोळे मिटायचा. तबकडी संपेपर्यंत ते डोळे उघडायचे नाहीत. शेजारी शिवम्मा, त्याची बायको, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. गाणं चालू असताना तिनं पानं कापायची नाहीत असा नियम होता, कात्रीचा आवाज मध्ये येतो म्हणून. शिंकायचं असलं तर माणसानं उठून न्हाणीत जाऊन शिंकायचं. शिवम्माला गाण्यातलं काही कळत होतं असं नाही. पण त्या अर्ध्या तासात नवऱ्याच्या कपाळावरची आठी निघून जाते, एवढं तिला कळायचं, आणि तिला ते पुरायचं.

चौऱ्याहत्तर सालच्या नवरात्रात सनईवाला म्हातारा वाजू लागला आणि ईश्वरप्पानं दोनच मिनिटांत डोळे उघडले.

"आवाज का कमी हाय?"

त्यानं बटण पिळलं. दुसऱ्या दिवशी आणखी पिळलं. मग सुई बदलली. मग विजेचा दाब कमी आहे म्हणून विजेला शिव्या दिल्या. मग तबकड्या वाजवायचा खोकाच डोक्यावर घेऊन तो नवी पेठेत दुरुस्तीवाल्याकडं गेला. त्यानं उघडलं, फुंकर मारली, वाजवून बघितलं आणि "काही झालं न्हाय अण्णा, ठणठणीत हाय" म्हणून परत दिलं. ईश्वरप्पा घरी येऊन म्हणाला, त्या पोरगेल्याला काय कळतंय.

इकडं गल्लीचे कान किटले होते. सनई आता गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीपर्यंत पोचत होती. समोरची गोजरबाई दूध घालायला आली तेव्हा दारातच बसली.

"शिवम्माक्का, त्या म्हाताऱ्याला म्हनावं जरा दमानं फुंक. माझी म्हस पान्हा चोरायला लागलीया."

"सांगते की," शिवम्मा म्हणाली.

"सांगा म्हंजे झालं. न्हायतर म्हशीला तुमच्या ओट्यावर आनून बांधते. तिला बी कळू दे कोन वाजीवतंय ते."

गल्लीतल्या एका टवाळानं तर ईश्वरप्पाचं नाव 'ठणाणा अण्णा' ठेवलं आणि ते दोन दिवसांत पोरासोरांच्या तोंडी गेलं. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. पुढं सगळा प्रकार कळल्यावर त्या टवाळानं ते नाव मागं घ्यायची पुष्कळ खटपट केली. पण पोरांच्या तोंडी गेलेलं नाव कुठं परत येतं.

शेवटी ईश्वरप्पानं गिरणीच्या साचेखात्यातल्या, म्हणजे मागांवरच्या, आपल्या दोन जोडीदारांना बोलावलं. निंगप्पा आणि माढ्याकडचा महिपती. तिघांनी मिळून त्या खात्यात सत्तर-पंच्याहत्तर वर्षं काढलेली, कानाशी दोन-दोनशे माग धडधडत असताना. चहा झाला. आणि खात्री करायचीच म्हणून निळ्या शालूवाली दिवाळीआधीच धोतरातून बाहेर आली, एवढी वेळ आली होती.

तिघंही माना वाकवून ऐकत बसले. समोर गोजरबाईनं खिडकी लावून घेतली.

"बाई दमलीया," महिपती म्हणाला.

"आवाज पार खाली बसलाय," निंगप्पा म्हणाला. "तबकडीला बी वय आसतंय की, ईश्वरप्पा. आपला मागावरचा धोटा झिजतो, मग हिनं का झिजू नये?"

"मला वाटलंच," ईश्वरप्पा म्हणाला.

शिवम्मा चुलीपाशी कानांवर पदर दाबून बसली होती. तिनं त्या तिघांकडं पाहिलं. तिघंही एकमेकांच्या तोंडाकडं टक लावून बोलत होते, आणि तिला एकदम काहीतरी उमगलं.

साचेखात्यात कुणीच कुणाचं ऐकत नाही. तिथं ओठ वाचतात. नवा माणूस महिन्याभरात शिकतो, जुन्याला तर सवयच लागते, आणि ती सवय घरीही सुटत नाही. ईश्वरप्पा तिच्याशीही तसाच बोलायचा, तोंडाकडं बघत. लग्न झालं तेव्हा ती या बघण्यानं लाजायची. पुढं गिरणीवाल्यांची तऱ्हाच ही, म्हणून सोडून दिलं. समोरासमोर विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला त्याचं उत्तर बरोबर यायचं, मग शंका कुणाला यावी.

त्या संध्याकाळी तो पाठमोरा पूजा करत असताना ती मागनं म्हणाली, "अवो, वाढू का?" तो बोलला नाही. पूजेत असेल. तिनं पुन्हा विचारलं. मग तिनं पितळी झाकणी फरशीवर टाकली. शेजारच्या कौलावरची मांजर उडी मारून पळाली. ईश्वरप्पा शांतपणे बेलाची पानं एकेक करून वाहत राहिला.

माणसांना ओठ होते, म्हणून माणसं त्याला पुरत होती. तबकडीला ओठ कुठले.

दोन दिवसांनी ईश्वरप्पानं निकाल दिला. तबकड्या कल्लप्पाच्या हाटेलात देऊन टाकायच्या. त्याच्याकडं रेडिओग्राम आहे आणि गिऱ्हाइकांच्या गोंगाटात झिजलेलं गाणंही खपून जातं. "दिवाळीला नव्या आनू," तो म्हणाला. म्हणाला खरा, पण धोतराची गाठ मारताना त्याचा हात निळ्या शालूवर बराच वेळ थांबला होता.

शिवम्मानं गप्प बसावं तर इतकी वर्षं जीव लावून सांभाळलेल्या तबकड्या बिनअपराधाच्या घराबाहेर जाणार. बोलावं तर तबकड्या राहतील, पण हा माणूस पुन्हा त्यांच्यासमोर डोळे मिटून कशाला बसेल? आणि नव्या आणल्या म्हणजे? नव्याही मुक्याच निघणार. रविवारपर्यंत तिनं चारदा तोंड उघडलं. तो लगेच तिच्या ओठांकडं बघायचा.

"काय म्हनतीस?"

"मीठ संपलंय म्हनते."

चौथ्यांदा तो म्हणाला, "शिवम्मा, एवढं मीठ आपन खातो कवा?"

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला दोघं निघाली. गाठोडं त्याच्या काखेत. गल्ली ओट्यांवर बसूनच होती. "अण्णा, बाईला सासरी धाडायला निघालाय जनू," कुणीतरी म्हणालं. ईश्वरप्पानं ते ओठांवरून टिपलं आणि तो हसलाही. शिवम्माला मात्र हसता आलं नाही.

हाटेलात बाया बसत नसत. ती दारापाशी उभी राहिली. कल्लप्पानं फडक्याला हात पुसले, निळ्या शालूवाली वर ठेवली आणि सुई टेकवली.

बाईनं पहिला सूर लावला तो इतका मऊ होता की बशीत चहा ओतत असलेल्या टांगेवाल्याचा हात तसाच थांबला. कोपऱ्यात दोघं तावातावानं भांडत होते, ते बोलायचे राहिले. भजी तळणाऱ्यानं झारा कढईच्या काठावर टेकवला. कल्लप्पा तोंड वासून उभा होता.

ईश्वरप्पा सगळ्यांकडं बघत होता. एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं.

"अण्णा," कल्लप्पा म्हणाला, "ही झिजलीया? आवो, कालच आनल्यावानी वाजतीया. देताय कशाला?"

ईश्वरप्पानं ते त्याच्या ओठांवर वाचलं. मग तो उठला आणि त्यानं रेडिओग्रामच्या जाळीवर तळहात ठेवला. जरा वेळ ठेवूनच राहिला. जाळी थरथरत असणार. शिवम्मा दारातून बघत होती, आणि त्याचा हात खाली आला तेव्हा तिला समजलं की आता आपल्याला काही सांगावं लागणार नाही.

त्यानं कल्लप्पाला सुई उचलायची खूण केली, तबकडी कव्हरात घातली, गाठोडं बांधलं. "राहू दे कल्लप्पा. चुकलं माझं," एवढंच म्हणाला.

दोघं घरी परतली. ओट्याची पायरी चढल्यावर तो वळला, तिच्या तोंडाकडं बघत.

"तुला कवापासनं ठावं हाय?"

"ती दोघं आलती त्या दिसापासनं."

"सांगायचं हुतंस."

"काय सांगू?" शिवम्मा म्हणाली. "तबकडी गेली तर दुसरी मिळती. कान गेलं म्हनून सांगितलं आसतं, तर दुसरं कुटनं आनू तुमास्नी?"

तो खाली बसला. गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, "निंगप्पाला बोलू नगंस. महिपतीला बी नगं. त्यांचं त्यांस्नी कळंल तवा कळंल."

मग त्यानं आत जाऊन खोका आणला. बटण पहिल्यासारखं, पूर्वीच्या जागेवर फिरवलं. निळ्या शालूवाली वर ठेवली. शिवम्माला त्यानं नेहमीसारखं शेजारी बसू दिलं नाही, समोर बसवलं.

"तू सांग," तो म्हणाला.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"जे ऐकू येतंय ते सांग."

सुई टेकली. शिवम्मानं पदर सावरला. "बाई गातीया," ती म्हणाली. तो थांबून राहिला. "हळू गातीया. आता वर गेली. वर जाऊन थांबली. आता मागं ते रडल्यावानी वाद्य हाय, ते चालू झालं."

"सारंगी. ती आधी येती. बाई थांबायच्या आधी."

"व्हय, आधीच आली. मी मागनं सांगितलं."

"फुडं?"

"तबला सुरू झाला. बाई त्येच त्येच म्हनतीया. पर दर वक्ताला येगळं."

त्यानं मान हलवली. त्याची बोटं मांडीवर ठेका धरू लागली, पण तबल्याबरोबर नाही, त्याच्या आठवणीतल्या ठेक्याबरोबर, आणि ती तबल्याच्या पुढं निघून गेली. शिवम्माच्या ते ध्यानात आलं. इतकी वर्षं हा माणूस इथंच डोळे मिटून बसायचा. आता ते डोळे टक्क उघडे होते, एकदाही पापणी न लवता तिच्या तोंडावर खिळलेले. गाणं ऐकताना असा चेहरा तिनं कधी बघितला नव्हता.

"बाई परत वर निघाली," ती म्हणाली. "लई वर. आता..." आणि तिचा हुंदका बाहेर पडला.

"आता काय?"

ती सांगत होती. पण तिचे ओठ थरथरत होते, वाकडे होत होते.

ईश्वरप्पा पुढं सरकला. त्यानं तिची हनुवटी बोटांनी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"रडू नगं शिवम्मा," तो म्हणाला. "वाचता येईना झालंय."

तिनं पदरानं तोंड कोरडं केलं, ओठ दाबून धरले, ते स्थिर होईपर्यंत थांबली. तेवढ्यात बाई बरीच पुढं निघून गेली होती.