‘तोड’ म्हणालो का मी?

चिथावणे म्हटलं की लोकांना आरडाओरडा आठवतो, हात वर करून गर्दी पेटवणारा कोणीतरी आठवतो. लग्न होऊन शेणव्याहून धसईकडे आले तोवर मीही तेच समजत होते. सासरी हे काम मी अगदी हळू आवाजात, चहाबरोबर झालेलं पाहिलं. आमच्याकडे त्याला ‘चढवणं’ म्हणतात, आणि हसत म्हणतात. चिथावलं म्हटलं की गुन्हा वाटतो, चढवलं म्हटलं की गंमत. नव्वदच्या दशकातल्या त्या एका हंगामापासून मी दोन्हींचा अर्थ एकच धरते.

भाताचं रोप करायच्या आधी राब भाजतात. त्यासाठी थंडी सरता सरता ऐनाच्या फांद्या, म्हणजे टहाळ, तोडून वाळत ठेवायचा आणि उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर पसरून जाळायचा. एकदा तोडलेला ऐन काही वर्षं राखावा लागतो. आमच्या मालकीचे ऐन सात. त्यातले पाच आदल्या हंगामात तोडलेले. उरलेल्या दोनांवर राब भागणार नव्हता. बांधापलीकडे जंगलखात्याची हद्द होती आणि तिथे ऐनच ऐन होते.

टहाळ तोडायला सिद्धगडाखालच्या वाडीतला एक माणूस दरवर्षी यायचा. त्या सकाळी मी त्याला चहा दिला तेव्हा सासरे ओटीवर त्याच्या बापाचं कौतुक करत होते. तसा ऐनावर चढणारा पुन्हा झाला नाही, गार्डला तो कधी सापडला नाही, हल्लीची माणसं हद्दीच्या दगडालाच घाबरतात. मग म्हणाले, “तुला तरी कसं बोलायचं? बायकापोरांचा झालास तू आता.”

तो हसला, कप ठेवला आणि गेला.

दुपारी गार्ड त्याला घेऊन अंगणात आला. त्याचा कोयता गार्डच्या हातात होता. टहाळ, गवत, लाकूड, पावसाळ्यापर्यंतची त्याची सगळी मजुरी त्या कोयत्यावर होती. हद्दीत शिरायला कोणी सांगितलं, असं गार्डनं विचारलं.

सासरे जागचे उठले नाहीत. “‘तोड’ म्हणालो का मी? त्यालाच विचारा.”

“नाय. बाबा तसं नाय बोलले.”

ते खरंच होतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, “मामंजी, सकाळी तुमीच चढवलंत त्याला.” आतून सासूबाईंनी मला हाक मारली. तेवढ्यात तो माणूसच माझ्याकडे वळला. “नाय वैनी, बाबा मस्करी करीत व्हते. मी माज्या मनानं गेलो.”

आमच्या घराची लाज त्यानं झाकली. मला ती उघडी पडली असती तर बरं वाटलं असतं.

गार्ड कोयता घेऊन गेला. त्यानं आधीच बांधाआत आणून टाकलेला टहाळ मात्र आमच्याच शेतात वाळत राहिला. तो माणूस रोज यायचा, पाटीनं शेण वाहायचा. कोयत्याचं काम त्याला कोणी देईना. घरचा कोयता आमच्या यांनी पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. आपलाच हवा म्हणाला, पण सोडवून आणा असं काही त्याच्या तोंडून आलं नाही.

शेवटी सासरे धुतलेले कपडे घालून एसटीनं मुरबाडला, जंगलखात्याच्या कचेरीत गेले. संध्याकाळी पिशवीतून कोयता घेऊन आले आणि ओटीवर जमलेल्यांना सांगू लागले. साहेबाला म्हणाले म्हणे, माणूस वाईट नाही, त्याची चूक झाली, पुन्हा करणार नाही याची हमी मी देतो. ऐकणारे मान डोलावत होते. हेही डोलावत होते.

त्याला बोलावणं गेलं. कोयता देण्याआधी सासऱ्यांनी सगळ्यांसमोर त्याला समज दिली, की सरकारी झाडाला हात लावू नये. त्यानं खाली पाहून ऐकून घेतलं. मग दोन्ही हातांनी कोयता घेतला, कपाळाला लावला आणि सासऱ्यांच्या पाया पडला.

“उपकार झाले बाबा.”

त्याच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. तो घेऊन त्याच्यासमोर जाणं मला जमलं नाही. सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि त्यांनीच त्याला पाणी दिलं.