पडद्यावरचं पाण्याचं गाव

"आजी, स्प्रिंग ब्रेकमध्ये आपण दोघी युरोपला जाऊ. कुठे, ते तू सिलेक्ट कर," माझी नात मुक्ता म्हणाली. तिला वाटलं, मी एखादं देऊळ सांगेन. मी म्हटलं, "व्हेनिस." ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या स्वयंपाकघरात सुनेचं लाटणं हातातच थांबलं. (मी सांगते ते टाइप करतेय तीच ही सून. लाटण्याचं वाक्य खोडू नकोस गं.)

त्याचं असं, आमचे हे नाटकांचे पडदे रंगवायचे. कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिलेलं व्हेनिस त्यांनी राजवाडा म्हणून पडद्यावर उतरवलं. पुराणातला राजा त्यापुढे उभा राहून राज्य सोडायचा आणि मागे होड्या! मी विचारायचे, "दारातच पाणी, मग बायका रांगोळी कुठे काढतात?" हे म्हणायचे, "जाऊ तेव्हा विचार." हे गेले, पण भलतीकडेच. ते गाव खरंच तसं आहे का, एवढं मला डोळ्यांनी बघायचं होतं.

ह्यूस्टनहून विमान, मध्ये एकदा बदलायचं. तिथल्या विमानतळावरून गावात बोटही नेते. बॅग हलकी ठेवा. गावात गाडी नाही आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. पाण्यावरच्या बसचा पासच काढा, सुटं तिकीट फार महाग. जेवायला पोलेंटा मिळतो, म्हणजे मक्याचा सांजा. मुक्ताने कौतुकाने मागवला. मी पर्समधली लसणीची चटणी काढली, तेव्हा कुठे तो घशाखाली उतरला.

पहिल्या दिवशी एक मोठं दालन पाहिलं. चित्रं छतावर, म्हणून मान अवघडू नये यासाठी हातात आरसा देतात. मी आधी केस सारखे केले. मग आरशात एक देवदूत उलटा कोसळताना दिसला आणि अंगावर काटा आला. यांनी तो आरसा परतच केला नसता.

दुसऱ्या दिवशी गोंडोला. अरुंद पाणी, दोन्हीकडे वाडे, पाण्यात उतरलेल्या पायऱ्या, टोकदार कमानींच्या खिडक्या. तस्सं! पडद्यावरच्यासारखं! वळण आलं की नावाडी "ओएऽ" करून ओरडायचा.

"हा कुणाला हाक मारतोय?"

"आजी, तो हॉर्न आहे! तू पण मार ना. कॉल आजोबा!"

यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही. पुलाखालच्या काळोखात होडी शिरली तशी मी ओरडले, "अहोऽ!"

पूल म्हणाला, "होऽ!"

मुक्ता हसून हसून वाकली. नावाडी म्हणाला, "ब्राव्हो, नोन्ना!" म्हणजे, शाब्बास आजी. मी पदर डोळ्यांना लावला. पाणी उडालं होतं म्हणा.

आता घरी आले आहे. मराठी मंडळातल्या पोरी विचारतात, "काकू, काय काय पाहिलं?" मी चर्चचे सोनेरी घुमट सांगते, काचेची झुंबरं सांगते. तुम्ही जाणार असाल तर जोडीने जा बाई. माझ्याजवळ एक गोष्ट तशीच उरली आहे. यांनी पाणी निळंशार रंगवलं होतं. ते निळं नाही हो. हिरवं आहे, शेवाळी, वर थोडं दूध सांडल्यासारखं. रंग कालवत बसलेल्या माणसाच्या खांद्याशी उभं राहून एवढंच सांगायचं होतं.