मानेतली नळी

नगरच्या आमच्या दवाखान्यात, लहान मुलांच्या आयसीयूत, रोज सकाळी एक कागद भरावा लागतो. मुलाच्या मानेतली नळी आज गरजेची आहे का? हो किंवा नाही. या नळीचं टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. ती जितके दिवस राहील, तितका तिच्यावाटे रक्तात जंतू शिरण्याचा धोका. हे मी नव्या सिस्टरांकडून घोकून घेते. आणि तरीही त्या आठवड्यात सलग तीन सकाळी मीच ‘हो’वर खूण केली. त्याची चीड अजून जात नाही.

पारनेरकडची चार वर्षांची मुलगी होती. न्यूमोनियातून सावरलेली, दूधभात खायला लागलेली. आता फक्त इंजेक्शनं उरली होती आणि ती हाताला साधी सुई लावून देता आली असती. पण नळी काढायचा विषय निघाला की तिची आई हात जोडायची. “सिस्टर, लई टोचलंय हो तिला. हात काळेनिळे पडल्यात. ऱ्हाऊ द्या ना ती नळी, रडत तरी न्हाई.”

डॉक्टर म्हणाले, “असू दे अजून दोन दिवस.” त्यांचं काय जातंय म्हणायला! पण मी तरी कुठे बोलले? रडणाऱ्या पोराची शीर शोधण्यात अर्धा तास जातो, नळीतून औषध दोन मिनिटांत जातं. मलाही ते सोयीचंच होतं. माझी दया आणि माझा आळस, एकाच माळेचे मणी.

चौथ्या दिवशी सकाळी नळीतून औषध सोडलं आणि थोड्याच वेळात पोरगी थंडीनं थडथडायला लागली. अंग तव्यासारखं तापलं, रक्तदाब उतरला. घाईघाईनं नळी काढली, रक्त तपासायला पाठवलं. जंतू निघाले. दोन दिवस ती हाती लागते की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. आईला डॉक्टर एवढंच म्हणाले, “इन्फेक्शन वाढलंय.” मी शेजारी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते.

पोरगी वाचली. घरी जायच्या दिवशी तिची आई बाहेरच्या बाकावर पिशवी भरत बसली होती. शेजारी नेवाशाची एक बाई होती. तिचं बाळ आत, त्याच्याही मानेत नळी. ही तिला समजावत होती, “नळी काढू दिऊ नको बाई. माझ्या पोरीची काढली आन् त्याच दिवशी ती मरनाच्या दारात गेली.”

मला राहवलं नाही. “ताप त्या नळीमुळंच आला होता,” मी म्हणाले. “तीन दिवस आधीच काढायला हवी होती. चूक आमची.”

पोरीच्या आईनं पिशवी बाजूला ठेवली.

“तवाच सांगायचं हुतं ना सिस्टर,” ती म्हणाली. “सुई टोचताना मी धरून बसले असते की तिला.”