खसखस पुलापलीकडे मिळते

आमच्याकडे गाडी नाही. सिंगापूरमध्ये गाडी घेणं म्हणजे पुण्यात फ्लॅट घेण्याचा विचार करणं, त्यामुळे आम्ही एमआरटीचे, म्हणजे इथल्या मेट्रोचे, सुखी प्रवासी आहोत. तरीही या २०१८ च्या जूनमध्ये मी समुद्राच्या कडेकडेने पाच दिवस गाडी हाकली, आणि तीही मागच्या सीटवर आईला बसवून. ज्यांना मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याची ही सहल करायची असेल त्यांच्यासाठी रस्ते, पेट्रोल, खाणंपिणं सगळं लिहिते आहे. मात्र आमच्या सहलीत अनारसे घुसले होते, त्यांना टाळून हे वर्णन करता येणार नाही.

माझा नवरा वेई हान मूळचा मलेशियन चिनी. कुआंतानजवळच्या बेसेराह नावाच्या मच्छीमार गावातला. जुरोंग आयलंडवर इंजिनिअर आहे, रोज पहाटे कंपनीच्या बसने जातो. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली. बाबा केव्हाच फितूर झाले, दर रविवारी वेईला फोन करून माझ्याच तक्रारी सांगतात. आई लग्नाला आली, फोटोत हसली, वेईशी नीट बोलते, त्याच्या तब्येतीची चौकशी करते. पण 'जावई' हा शब्द तिच्या तोंडून कधी आला नव्हता. पुण्यात शेजारच्या सुलभाकाकूंनी विचारलं तर 'लेक सिंगापूरला असते' एवढं सांगून ती भाजीच्या भावावर यायची. मला हे माहीत आहे, कारण काकूंनीच मला सांगितलं.

यंदा अधिक ज्येष्ठ होता आणि तो जूनच्या मध्याला संपत होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण देतात, सोबत दिवा. लग्नानंतरचा आमचा हा पहिलाच अधिक महिना. हा गेला की पुढचा सव्वादोन वर्षांनी. आई सिंगापूरला येणार म्हटल्यावर मी आधी कॅलेंडरवर अधिक महिन्याचे दिवस मोजले. ती वाण देणार की नाही, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

तिने फोनवर आपणहून विषय काढला तोही असा, की अनारशाचं पीठ करून आणते आहे, तिकडे तळू. मी आनंदाने उडीच मारणार होते, तेवढ्यात आठवलं की सिंगापूरमध्ये खसखशीला बंदी आहे. इथे ती अमली पदार्थांच्या यादीत बसते. पहिल्यांदा येणाऱ्या मराठी पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगते. मसाल्याच्या डब्यातली चिमूटभरसुद्धा आणू नका, खसखस लावलेलं खाणंही नको. आईलाही सांगितलं. मग ती म्हणाली, "खसखशीशिवाय अनारसे होत नाहीत. मग राहू दे ते वाण." आवाजात हळहळ होती की सुटका, ते मला कळेना.

येताना पीठ मात्र तिने आणलं. लिटिल इंडियात चोवीस तास उघड्या असणाऱ्या त्या मोठ्या दुकानात मी वेड्यासारखी फिरले, दुकानदारांना खसखशीबद्दल कुजबुजत विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा आठवडाभर तिकडे फिरकले नाही. तीळ लावून करू या म्हटलं तर आई म्हणाली की मग त्याला तिळाची वडी म्हण. तर असं ते पिठाचे गोळे फ्रीजमध्ये बसून राहिले. आणि वेई म्हणाला, आईंना विमानाने कुठे नेण्यापेक्षा गाडी भाड्याने घेऊ आणि समुद्राच्या काठाने माझ्या घरी जाऊ. आईने पीठ घरी ठेवायला नकार दिला, त्यामुळे तेही बर्फाच्या डब्यात बसून निघालं.

आता कामाच्या गोष्टी. गाडी भाड्याने घेताना मलेशियात नेण्याची परवानगी आधी मागा, त्याचे वेगळे पैसे पडतात. पाहुण्यांचा मलेशियाचा व्हिसा आधी ऑनलाइन काढा, आणि सिंगापूरच्या व्हिसावर परत यायची सोय आहे ना ते बघा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सिंगापूरच्या गाडीची टाकी बाहेर पडताना किमान पाऊण भरलेली लागते, नाहीतर परत पाठवतात. पलीकडे पेट्रोल निम्म्याहून स्वस्त असल्यामुळे हा नियम. पलीकडेही परदेशी नंबरच्या गाडीला स्वस्तातलं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल मिळत नाही, ९७ भरावं लागतं. आम्ही शनिवारी पहाटे तुआसच्या दुसऱ्या पुलाने मलेशियात गेलो. वुडलँड्सच्या जुन्या पुलाच्या मानाने गर्दी कमी. मलेशियाच्या बाजूला एका अधिकाऱ्याने बर्फाचा डबा उघडायला लावला, गुळाच्या रंगाचे गोळे पाहिले, वास घेतला आणि वेईला मलयमध्ये काहीतरी विचारलं. वेईने उत्तर दिलं. अधिकारी हसला आणि त्याने हात हलवून जाऊ दिलं. काय सांगितलंस असं विचारलं तर म्हणाला, सासूचा खाऊ.

कोटा टिंगीपर्यंत दोन्ही बाजूंना तेलताडाच्या बागा, एकसारख्या, ओळीत उभ्या. आईला आधी फार आवडल्या आणि अर्ध्या तासात कंटाळा आला. रमजान चालू होता, त्यामुळे मलय टपऱ्या दिवसा बंद. पण कोटा टिंगीत एका तमिळ हॉटेलात गरम रोटी चनाय, म्हणजे पापुद्र्यांचा पराठा, आणि डाळ मिळाली. तव्याशेजारी पीठ हवेत भिरकावून पातळ करतात ते बघत आई उभीच राहिली. मग मी गाडी हातात घेतली. पुण्यात स्कूटरच चालवली होती मी, आणि सिंगापूरचं लायसन्स मिळाल्यावर पार्किंगमधून बाहेर पडण्याएवढीच गाडी. दोनपदरी रस्ता, समोरून लाकडाचे ट्रक. वेई शेजारी बसून शांतपणे "स्लो डाउन लाह" म्हणत होता आणि मागून आई "हळू" म्हणत होती. या दोघांचं एवढं एकमत मी आजवर पाहिलं नव्हतं.

मेर्सिंगच्या अलीकडे रस्ता एक वळण घेतो आणि एकदम समुद्र. मी किंचाळलेच. निळा, शांत, लांबवर बेटांचे ठिपके. जून त्यासाठी उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इकडे फिरकू नका, तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि बोटी बंद. बहुतेक लोक मेर्सिंगच्या धक्क्यावरून टिओमान बेटाला पळतात. आम्ही तिथेच राहिलो, धक्क्याजवळच्या साध्या हॉटेलात, सिंगापूरमधल्या एका जेवणाच्या पैशात. संध्याकाळी रमजानचा बाजार भरला होता. हिरव्या, गुलाबी, जांभळ्या मिठाया, नारळाचं दूध, भाजलेल्या माशांचा धूर. एका बाईकडे तांदूळपीठ आणि गुळाची तळलेली गोल कडी होती. आईने एक विकत घेतलं, रोजा सुटायची वेळ होईपर्यंत हातात धरून ठेवलं, बांग झाल्यावर बाजार जेवायला बसला तेव्हा तोडून खाल्लं. बराच वेळ चावून म्हणाली, चव अनारशाचीच आहे, पण जाळी पडलेली नाही. वेईने विचारलं, जाळी का हवी. तर आईने त्याला चांगली दहा मिनिटं इंग्रजीत समजावलं, की अधिक महिन्यात ज्याला भोकं असतात असाच पदार्थ देतात. कुणाला देतात, तेवढं तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेर्सिंग ते कुआंतान. एंडाऊ, रोम्पिन, पेकान अशी गावं, प्रत्येक गावाला एक नदी आणि नदीवर रंगीत होड्या. एक्स्प्रेस वेने गेलात तर लवकर पोहोचाल आणि यातलं काही दिसणार नाही. जुना रस्ताच धरा. जिथे झाडीतून पांढरी वाळू दिसेल तिथे थांबायचं, पाय भिजवायचे, पुन्हा निघायचं. आईने साडी गुडघ्यापर्यंत खोचून शिंपले गोळा केले.

कुआला रोम्पिनला वेई म्हणाला, पाणी घेऊन येतो, आणि बराच वेळ आला नाही. आला तो पाण्याशिवाय. त्याने मागचं दार उघडलं आणि आईच्या हातात प्लॅस्टिकची एक छोटी पुडी ठेवली. आत राखाडी पांढरे बारीक दाणे. मलेशियात खसखस किराणा दुकानात मिळते, कुर्म्यात घालतात. हे मला सहा वर्षं सिंगापूरला राहून माहीत नव्हतं.

"आई, सिंगापूर कॅनॉट," तो म्हणाला, "बट हिअर कॅन. इथे अनारसे कॅन."

'अनारसे' हा शब्द त्याने इतका स्वच्छ उच्चारला की मी स्टिअरिंगवरून वळून पाहिलं. फितूर बाबा. वाण काय, कुणाला, कधीपर्यंत, सगळं त्यांनी फोनवर शिकवलं होतं. म्हणजे आई कशासाठी अडून बसली आहे हे वेईला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी तो तिच्याशी गोड बोलत होता. मला त्याचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. आता खसखशीची सबब संपली होती. आता आई नाही म्हणाली, तर ते 'नाही' अनारशांना नसणार. ती पुडी मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली. पेकान गेलं, कुआंतान आलं, तरी पुडी मांडीवरच होती. मी गाडी चालवत होते ते बरं होतं.

बेसेराहला वेईचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. वाळत घातलेल्या माशांचा वास अंगणापर्यंत. मी घाबरून आईकडे पाहिलं, पण तिने नुसता पदर सारखा केला. वेईच्या आईबाबांना इंग्रजी जेमतेम येतं, मराठीचा तर प्रश्नच नाही. चहा झाला. वेईने त्याच्या आईला अधिक महिना समजावला. तिने मान डोलावली आणि काहीतरी म्हणाली. वेईने सांगितलं, आमच्या चिनी पंचांगातही जादाचा महिना येतो, गेल्याच वर्षी येऊन गेला. हे ऐकून माझी आई पहिल्यांदा सावरून बसली. जादाचा महिना फक्त आपल्याकडेच असतो, अशी तिची पक्की समजूत होती.

सकाळी उठले तर स्वयंपाकघरात दोघी. माझी आई पोळपाटाऐवजी उलट्या ताटलीवर खसखस पसरून अनारसा थापत होती. मी दारातच थांबले. कढईत तूप तापलं होतं. पहिला अनारसा सोडला आणि तो हसला, म्हणजे तुपात फुटून विरघळून गेला. दुसराही हसला. प्रवासात आणि या दमट हवेत पीठ सैल झालं होतं. आईचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ती गॅस बंद करणार. वेईच्या आईने पिठाला बोट लावून पाहिलं, कपाटातून तांदळाचं पीठ काढलं आणि आईसमोर धरलं. आईने थोडं घेतलं, मळलं, आच कमी केली. तिसरा अनारसा तुपात पसरला, थांबला, आणि त्याला जाळी पडली. दोघी एकदमच "हां" म्हणाल्या.

पीठ कमी पडत गेलं, तसे अनारसे लहान होत गेले. तेहेतिसावा तर रुपयाएवढा झाला. तांब्याचं ताट नव्हतं, म्हणून फुलं छापलेली त्यांची एनॅमलची परात आली. वेईच्या आईने खाली लाल कागद घातला आणि पणती म्हणून चहाची बशी दिली. वेईला हाक मारली, तो ओले केस पुसत आला. आईने पदर खांद्यावरून घेतला आणि दोन्ही हातांनी परात उचलली.

"बसा जावईबापू," ती म्हणाली. "उशीर झाला जरा."

दोन वर्षांच्या उशिराबद्दल म्हणत होती की सकाळच्या, ते मी विचारलं नाही. वेईने बाबांनी शिकवल्याप्रमाणे वाकून नमस्कार केला. मी ओट्याला टेकून ढसाढसा रडले आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

नंतरचे दोन दिवस म्हणजे आनंदाला उधाण. तेलुक चेंपेडाकच्या किनाऱ्यावर माकडं असतात, खाऊ लपवून ठेवा. चेरातिंगला वाळू मऊ, पाणी उथळ, आणि भाड्याच्या लाकडी खोल्या स्वस्त आणि स्वच्छ. आई कमरेइतक्या पाण्यात गेली. जावयाचा हात धरून गेली, हे मुद्दाम लिहिते आहे.

परतीच्या वाटेवर एक नवीन संकट होतं. खसखस लावलेला एकही अनारसा पुलापलीकडे नेता येणार नव्हता. वाण जावयाचं, पण त्याने वाटलं तर चालतं, असा निर्णय आईने दिला. मग बेसेराहच्या शेजाऱ्यांना, चेरातिंगच्या खोलीवाल्या मालकिणीला, रोम्पिनच्या किराणावाल्याला अनारसे वाटत आम्ही खाली आलो. उरलेले वेईने खाल्ले. पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर गाडी लावून आईने डबा पुसला, सीट झाडल्या, वेईच्या शर्टावरचे दाणेसुद्धा झटकले. तो रुपयाएवढा शेवटचा अनारसा तिने त्याच्या तोंडात घातला. पुडीत उरलेली खसखस तिथल्याच कचऱ्यात गेली. तिला ते जड गेलं.

घरी येऊन आता आठवडा झाला. फोटो चारशे निघाले, त्यांतले बहुतेक समुद्राचे आणि एकमेकांसारखे. गाडी चालवायची भीती गेली. वाळू अजून बुटांत सापडते. काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते आणि आई बाल्कनीत सुलभाकाकूंशी फोनवर बोलत होती. भाजीच्या भावावर येईल म्हणून मी कान दिला.

"वाण दिलं ना," आई सांगत होती. "खसखस मिळत नाही हो इथे. आमच्या जावयांनी शोधून आणली."